गुंतागुंतीच्या अपेंडिसायटिसमधील लवकर शस्त्रक्रिया

सुजलेले अपेंडिक्स कुजले, फुटले किंवा त्याच्याभोवती पू वा गोळा धरला, की त्या आजाराला गुंतागुंतीचा अपेंडिसायटिस म्हणतात. रुग्ण दाखल झाल्यावर त्याच मुक्कामात, बहुधा 24 तासांच्या आत, अपेंडिक्स काढून टाकणे म्हणजे लवकर शस्त्रक्रिया. याउलट जुन्या ऑक्सनर-शेरेन पद्धतीत तोंडाने काही न देता सलाइन आणि प्रतिजैविके देतात, नाडी, ताप व गोळ्याचा आकार रोज तपासतात आणि गरज वाटल्यास 6 ते 12 आठवड्यांनी अपेंडिक्स काढतात.

पू पोटभर पसरून पोट फळीसारखे कडक झाले असेल, तर वादाला जागाच नाही. रुग्ण सावरताच शस्त्रक्रिया करावी लागते. मतभेद आहेत ते एका जागी बांधल्या गेलेल्या गोळ्याबद्दल. तेथे आतडी आणि चरबीची झालर अपेंडिक्सला चिकटून बसतात. पहिल्या काही दिवसांत हे चिकटणे मऊ असते, नुसत्या बोटाने किंवा सक्शनच्या टोकाने सुटते. नंतर मात्र ते घट्ट होते आणि सोडवताना आतडेच फाटते. म्हणून आजाराचा कितवा दिवस आहे, हे विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

भूल देण्याआधी शिरेतून द्रव भरून नाडी व रक्तदाब ताळ्यावर आणतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकांची जोडी नेहमीची. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बेंबीपाशी 10 मिमीचे एक आणि खाली 5 मिमीची दोन छिद्रे पुरतात. प्रथम पू शोषून घेतात व थोडा तपासणीला पाठवतात. अपेंडिक्स दिसत नसेल, तर मोठ्या आतड्यावरची स्नायुपट्टी धरून खाली यायचे: तिन्ही पट्ट्या अपेंडिक्सच्या बुडाशीच मिळतात. रक्तवाहिनी बंद करून बूड फाशाच्या टाक्याने बांधतात. बूडच कुजले असेल, तर तिथे टाका धरत नाही. अशा वेळी स्टेपलरने मोठ्या आतड्याची निरोगी कड सोबत घेऊन कापावे लागते. मागे लांब खुंट ठेवल्यास त्यातच पुन्हा दाह होऊ शकतो, म्हणून तो 5 मिमीहून कमी ठेवतात. अपेंडिक्स पिशवीत घालून बाहेर काढतात. अपेंडिक्समधून सुटलेला विष्ठेचा खडा शोधून काढण्यात वेळ गेला तरी चालेल; तो पोटात राहिला, तर गळू परत होते. लिटरच्या लिटर सलाइनने पोट धुणे किंवा पू वाहून जाण्यासाठी सरसकट नळी ठेवणे याने गळू टळत नाही.

प्रतिजैविके साधारण 3 ते 5 दिवस पुरतात. त्यानंतर पुन्हा ताप, जुलाब किंवा लघवीला घाई होऊ लागली, तर ओटीपोटात पू साठल्याची शंका घेऊन स्कॅन करावा.

गळू 3-4 सेंमीहून मोठे आणि सुई पोहोचेल असे असेल, तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने नळी घालून पू काढणे अधिक शहाणपणाचे. शस्त्रक्रिया सुरू केल्यावर सगळे दगडासारखे घट्ट लागले, तरी हट्ट धरू नये. पू काढून नळी ठेवून बाहेर पडावे. नाहीतर साध्या अपेंडिक्सपायी आतड्याचा उजवा भाग कापण्याची वेळ येते. चाळिशीपुढच्या रुग्णात गोळ्याआड कर्करोग दडलेला असू शकतो. लवकर शस्त्रक्रियेत काढलेला भाग पॅथॉलॉजीत तपासला जातो. औषधांवर ठेवलेल्या अशा रुग्णाची मात्र नंतर सीटी आणि कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून घ्यावी लागते.