बेलीफ: सांधे सोडवून वाचवलेलं शेतघर

1960च्या दशकात इंग्लंडच्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोनजवळ बाउ बीच जलाशयाचं काम निघालं. त्यात जाणाऱ्या जमिनीवर बेलीफ नावाचं शेतघर होतं. पाणीपुरवठा कंपनीने ते 1967मध्ये स्थापन झालेल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयाला देऊन टाकलं. 1968-69मध्ये ते उतरवलं गेलं आणि वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनला पुन्हा उभं राहिलं.

दगडी घराचं हे इतकं सहज जमलं नसतं. इथे सगळा भार ओकच्या सांगाड्यावर; भिंती म्हणजे नुसता कूड, वर मातीचा गिलावा. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. खुंट्या काढल्या की घर सुटं होतं. ओक वाळल्यावर दगडासारखा होतो, म्हणून सुतार तो ओलाच घडवत.

ओलंच लाकूड वापरायची ही सवय इतिहासकारांच्या पथ्यावर पडली. झाड तोडलं तेच साधारण घर बांधल्याचं वर्ष. लाकडातली वर्षवलयं मोजून मधलं दालन आणि कोठीची बाजू 1405 ते 1430मधली ठरली; मालकाच्या खोल्यांची बाजू 1505-10ची. म्हणजे एकसंध दिसणाऱ्या या घरात शंभरेक वर्षांचं अंतर आहे. वरच्या शेजघराला बाहेर काढलेला शौचकूपही आहे. शेतकरी चांगलाच सधन असणार.

बाहेरून पाहिलं तर दोन्ही टोकांच्या माड्या पुढे झुकलेल्या, मधलं दालन मागे, आणि छप्पर मात्र सलग. केंट-ससेक्सच्या वील्ड भागात अशी घरं इतकी आढळतात की या धाटणीला ‘वील्डन’च म्हणतात. दालनाला वर मजला नाही. जमिनीवरच चूल पेटायची, धूर छपरापर्यंत चढून मिळेल त्या फटीतून बाहेर जायचा. खिडक्यांना काच नव्हती, लाकडी झडपा होत्या. अशा घरांचे वासे काजळीने काळे पडलेले असतात, आणि तो काळा थर दिसला की अभ्यासक खूश होतात. (काळी लाकडं, पांढऱ्या भिंती हा चित्रातला थाट मात्र बराचसा व्हिक्टोरियन काळातला.)

धुराडी आली तशी ही उंच दालनं मधे मजला घालून दुभागली गेली. बेलीफही बदललं होतं. संग्रहालयाने मात्र ते साधारण 1540च्या रूपात मांडलं, त्यासाठी नंतरच्या पिढ्यांची भर काढून टाकली. मला हे थोडं खटकतं. त्या धुराड्याभोवतीही माणसं पिढ्यान् पिढ्या शेकत बसलीच होती.