वेलांटीची एकच उडी

बेळगाव परिसरात थंडी पडू लागली की गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांचे दिवस येतात आणि त्यांच्या मागोमाग स्मरणिकांचे. अशा एका स्मरणिकेचे मुद्रितशोधन गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. लेख नाना वाटांनी येतात: काही मोबाइलवर टाइप केलेले, काही डीटीपी केंद्रातून जुन्या फॉन्टमध्ये आलेले, तर काहींत परिच्छेदाची सुरुवात आत सरकवण्यासाठी स्पेसबार मोजून पाच वेळा दाबलेला. ही साफसफाई मी मॅक्रोने, म्हणजे संगणकाला एकदा शिकवून ठेवलेल्या कृतींच्या मालिकेने करतो, हे ऐकल्यावर यंदा आमच्या मांडणीकाराने हात जोडले. मॅक्रो सुरू केला की संगणकात व्हायरस शिरतो, असे त्याचे म्हणणे होते.

ही भीती निराधार नाही, अर्धवट आहे. १९९५ साली ‘कॉन्सेप्ट’ हा मॅक्रो-व्हायरस वर्डच्या फायलींतून पसरला. १९९९ च्या मार्चमध्ये आलेला ‘मेलिसा’ ई-मेलच्या यादीतील पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःची प्रत धाडत असे. अखेर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. धोका आहे तो परक्याने लिहिलेल्या मॅक्रोचा. आपण स्वतः रेकॉर्ड केलेला मॅक्रो म्हणजे आपल्याच कृतींची क्रमवार नोंद, जी एका कळीसरशी पुन्हा घडवता येते. खंडेनवमीला संगणकाला हळदकुंकू वाहावे, त्याला कोणाची हरकत नाही. पण अनोळखी फाइल न उघडण्याचे काम ते हळदकुंकू करत नाही.

वर्डमध्ये ‘व्ह्यू’ या पट्टीवर मॅक्रो रेकॉर्ड करण्याची सोय आहे. लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच मोफत प्रणालीत ती आधी पर्यायांच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जाऊन सुरू करावी लागते. पहिला धडा स्पेसचा. ‘दोन स्पेस शोध, एक ठेव’ अशी आज्ञा दिली की पाच स्पेस एका फेरीत नाहीशा होत नाहीत, कारण संगणक डावीकडून जोड्या लावत जातो आणि नुकतेच बदललेले त्याच फेरीत पुन्हा पाहत नाही. पाचाच्या तीन होतात, तिनाच्या दोन आणि तिसऱ्या फेरीत एक. येथे आज्ञा पुनःपुन्हा चालवणे आवश्यक आहे आणि ती कितीही वेळा चालवली तरी नुकसान काहीच नाही.

खरी गंमत जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या संकेतपद्धतीत, आणताना कळते. फॉन्ट बदलला की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. परंतु जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरांची सांकेतिक स्थाने, ज्यांवर मराठी आकार केवळ चढवलेले असतात. म्हणूनच तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कविता उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. प्रत्येक आकाराच्या जागी युनिकोडचे अक्षर घालणे सोपे आहे. अडचण क्रमाची आहे. जुना फॉन्ट टंकलेखन यंत्राप्रमाणे लेखणीच्या क्रमाने चालतो, म्हणजे ‘दिन’ लिहिताना आधी वेलांटी, मग द, मग न. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालते, म्हणजे आधी द, मग वेलांटी, आणि ती डावीकडे नेऊन दाखवण्याचे काम पडद्यावर अक्षरे रेखाटणाऱ्या प्रणालीवर सोडते. तेव्हा मॅक्रोला सांगायचे ते असे: वेलांटी आणि तिच्या पुढचे व्यंजन सापडले की त्यांची अदलाबदल कर.

हाच मॅक्रो चुकून दुसऱ्यांदा चालला तर? पहिल्या फेरीत ‘दिन’ ठीक झाला. दुसऱ्या फेरीत वेलांटीला पुढे न दिसला, तिने त्यावरूनही उडी मारली आणि ‘दिन’ चा ‘दनि’ झाला. उपाय असा की वेलांटी हलवतानाच तिचा जुना संकेत काढून युनिकोडचा घालावा आणि शोध मात्र नेहमी जुन्या संकेताचाच घ्यावा. मग दुसऱ्या फेरीला हातात काही लागतच नाही. नावे बदलतानाही हेच भान लागते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. स्मरणिकेत आम्ही बेळगावच लिहितो, पण सरकारी अर्जासाठी कोणी सरसकट बदल केला तर ‘बेळगावात’ चे ‘बेळगावीात’ होते आणि दुसऱ्या फेरीत ‘बेळगावी’ ला आणखी एक वेलांटी चिकटते.

जोडाक्षरे हा पुढचा घाट. ‘स्त्रियांचे’ या शब्दात वेलांटीला स्, त् आणि र या तिन्हींवरून जायचे असते. एकच व्यंजन ओलांडण्याचा नियम लावला तर ती स नंतर थांबते आणि पाय मोडल्याची खूण तुटक वर्तुळाखाली लोंबकळत राहते. लिब्रेऑफिसमध्ये ‘कितीही अर्धी अक्षरे आणि नंतर एक पूर्ण अक्षर’ असा एकच नियम देता येतो. वर्डच्या शोधचिन्हांत ‘शून्य किंवा अधिक वेळा’ असे सांगण्याची सोय नाही, म्हणून तेथे आधी तीन व्यंजनांचा, मग दोनांचा, शेवटी एकाचा असे नियम उतरत्या क्रमाने लावावे लागतात. उलट क्रमाने लावल्यास पहिलाच नियम जोडाक्षराचे दोन तुकडे करतो. रफाराची उडी याच्या विरुद्ध दिशेने, मागे जाते: ‘कर्नाटक’ मध्ये तो जुन्या फॉन्टमध्ये सहसा ‘ना’ च्या नंतर असतो आणि युनिकोडमध्ये न च्या आधी यावा लागतो. कन्नडमधील अर्कावत्तू, म्हणजे तिकडचा रफार, हाही अक्षराच्या उजवीकडे दिसतो आणि युनिकोडमध्ये आधी साठवला जातो, त्यामुळे दोन्ही भाषांचे काम करणाऱ्या आमच्याकडच्या डीटीपीवाल्यांना ही युक्ती दोनदा उपयोगी पडते.

एका ठिकाणी मात्र मॅक्रो हतबल होतो. ‘दुसऱ्या’ मधील अर्ध्या र ची कळ न सापडल्यामुळे काही जण तेथे रफारच टाइप करतात, आणि तो रफार खरा की नाइलाजाचा हे कोणत्याही नियमाला ओळखता येत नाही. यंदाच्या आभाराच्या पानावर, संमेलनाला आलेल्या पाचशे माणसांची जेवणे रांधणाऱ्या आचाऱ्यांचे आभार मॅक्रोने बिनचूक उड्या मारून ‘आचार्यांचे’ केले होते. ते मी हाताने दुरुस्त केले.