जुन्या दगडाला सिमेंट बाधतं

मुंबईत सीएसएमटीकडून फ्लोरा फाउंटनकडे निघालात, तर भर पावसातही छत्री न उघडता बरंच अंतर चालता येतं. ही सोय 1896 च्या एका नियमामुळे झाली. आजचा दादाभाई नौरोजी रस्ता तेव्हा हॉर्नबी रोड होता. तिथे इमारत बांधायची, तर तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी सोडायची, अशी अट घातली गेली. वरचा दर्शनी भाग कुणी गॉथिक केला, कुणी निओक्लासिकल, पण खालची कमानींची रांग जवळपास सलग राहिली. दुकानं, बँका, विमा कंपन्या, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या यांच्यासाठी उभ्या केलेल्या या धंद्याच्या इमारती. देवळा-किल्ल्यांसारखं कौतुक त्यांच्या वाट्याला आलं नाही. त्या वापरल्या गेल्या, गळायला लागल्या की डागडुजी झाली. आणि माझ्या मते त्यांचं सर्वात मोठं नुकसान याच डागडुजीने केलं.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. दगडी भिंत कितीही जाड असली तरी ती भिजणारच. जुन्या गवंड्यांनी पाणी अडवण्याचा हट्ट धरला नव्हता. आत शिरलेलं पाणी पुढच्या आठ महिन्यांत बाहेर कसं पडेल, याची सोय त्यांनी चुन्यात केली होती.

चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या चक्कीत, मळायचा आणि दगडांच्या सांध्यांत भरायचा. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. हे काम महिनोन् महिने चालतं. दमट हवेत आणि जाड भिंतीत चुना लवकर घट्ट व्हावा म्हणून त्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, मिसळायचे. अशा सांध्यात बारीक छिद्रांचं जाळं असतं. भिंतीतली ओल त्यातून बाहेर येऊन सुकते. चुना दगडापेक्षा मऊ असल्यामुळे इमारत थोडी हलली तर भेग सांध्यात पडते, दगड शाबूत राहतो.

पुढे सिमेंट स्वस्त झालं. काम झटपट उरकतं, गवंड्याला सोपं, ठेकेदाराला परवडणारं. चुना खरवडून सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांच्या सांध्यांतल्या फटी, भरल्या गेल्या, कुठे अख्ख्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला. सिमेंट कडक असतं आणि त्यातून ओल फारशी जात नाही. पण त्याला केसाएवढ्या भेगा पडतात आणि पाणी त्यातून आत जातंच. बाहेरची वाट मात्र बंद झालेली असते. मग ते पाणी दगडातून वाट काढतं, येताना क्षार विरघळवून आणतं, आणि दगडाच्या पृष्ठभागामागे सुकताना त्या क्षारांचे स्फटिक होतात. वाढत्या स्फटिकांच्या दाबाने दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. भिंत झिजली म्हणून आणखी सिमेंट थापलं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात झीज आणखी वाढते.

म्हणून संवर्धनाचं काम आधी काढण्याचं असतं. सांध्यातलं सिमेंट छिन्नीने, हाताने काढायचं. कटर फिरवला तर दगडाच्या कडा उडतात. क्षार ओढून घ्यायला कागदाच्या लगद्याचे किंवा मातीचे ओले लेप लावतात, ते सुकले की काढून टाकतात. वाळूचा मारा करून भिंत चकाचक करण्याचा मोह टाळावा लागतो, कारण दगडाची टणक झालेली वरची पातळ साल त्यात निघून जाते. नवा दगड मिळवणं ही वेगळी डोकेदुखी. मुंबईच्या या फोर्ट भागात ठिकठिकाणी दिसणारा पिवळसर मालाड दगड आता खाणीतून येत नाही. पाडकामातला सापडला तर नशीब.

पाट्यांचाही यात हात आहे. दुकानांच्या मोठमोठ्या पाट्यांनी कमानी झाकल्या होत्याच, शिवाय त्या टांगायला दगडात लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. लोखंड गंजलं की मूळच्या कित्येक पट जागा घेतं आणि भोवतालचा दगड फोडतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या रस्त्यासाठी पाट्यांचे नियम आखून दुकानदारांना सोबत घेतलं गेलं, आणि 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली.

हे सगळं माहीत असूनही सिमेंट का थापलं जातं? 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या इमारतीत पैसे घालावेसे वाटेनात. 1995 मध्ये मुंबईने देशात पहिल्यांदा वारसा इमारतींसाठी नियमावली केली. त्यामुळे मनमानी पाडापाडीला लगाम बसला, पण नियमावलीतून चुन्याचे पैसे येत नाहीत.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, याचं सर्वात अवघड उदाहरण. 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले बिडाचे खांब आणि इतर सुटे भाग जहाजाने आणून ती इथे उभी केली. 7 जुलै 1896 ला ल्युमिए बंधूंची चलतचित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. पुढे आत पार्टिशनं पडली, वकिलांच्या कचेऱ्या आल्या, मूळ सांगाड्याने कधी न पेललेलं वजन वाढत गेलं. बीड दाबाला दणकट असतं, पण ताण पडला की वाकत नाही, सरळ तुटतं. शिवाय त्याला साधं वेल्डिंग चालत नाही. आधी भाग तापवावा लागतो किंवा भेगेवर धातूच्या खिळ्यांचे टाके घालावे लागतात. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. 2019 मध्ये इमारत रिकामी केली गेली. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी ती पाडावी असं सुचवलं, तर संवर्धन करणारे वास्तुतज्ज्ञ ती वाचवता येईल म्हणत राहिले. मला दुसरी बाजू पटते. सुट्या भागांनी आलेला सांगाडा तसाच भागाभागाने सोडवता येतो, फुटलेला खांब पुन्हा ओतता येतो. मात्र ते बिल मालकाने भरायचं, भाडेकरूंनी की सरकारने, हे आधी ठरवावं लागेल.