तारीख-वेळ फॉरमॅट करणं

पीएचपी, पायथन, पर्ल, जावास्क्रिप्ट अशा स्क्रिप्टिंग भाषेत आत्ताची वेळ कॉम्प्युटरकडून घेऊन माणसाला वाचता येईल अशी छापणं, म्हणजे तारीख फॉरमॅट करणं. मशीनच्या आत तारीख नसतेच मुळी, तिथे असतो एक आकडा, १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जगभर प्रमाण मानलेली वेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तो (जावास्क्रिप्ट मिलिसेकंद मोजते). आता १७३५६६९८०० हा आकडा घ्या, जळगावात तेव्हा १ जानेवारी २०२५ लागलं, रात्रीचे बरोबर १२, आणि यूटीसीवर ठेवलेला सर्व्हर त्याच आकड्याला ३१ डिसेंबर २०२४ संध्याकाळचे साडेसहा म्हणतो. दोघंही बरोबर.

म्हणून आधी टाइमझोन, म्हणजे कुठली वेळ धरायची ते, मग फॉरमॅट. समजा जळगाव जिल्ह्यातल्या रावेरला पहाटे ३ वाजता केळीची गाडी वजनकाट्यावर चढली आणि पावती पीएचपीच्या स्क्रिप्टमधून निघते, तर टाइमझोन कुठेच सांगितला नसेल तेव्हा पीएचपी यूटीसी धरते आणि पावतीवर आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेनऊ येतात, म्हणजे तारीखच बदलली, आणि केळीचा भाव रोजचा वेगळा असतो हे इथल्या कुणालाही सांगायला नको. उपाय एका ओळीचा आहे, टाइमझोन 'एशिया/कोलकाता' (भारतीय वेळेचं तिथलं नाव) ठेवायचा. सूर्य बघाल तर जळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या साधारण २८ मिनिटं मागे आहे कारण ती वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पण घड्याळ देशभर एकच, त्यामुळे स्क्रिप्टला त्याची फिकीर नाही.

मग येतात अक्षरं, तारखेचा कुठला भाग कुठे छापायचा ते सांगणारी. पीएचपीत लहान डी दिवस, लहान एम महिना, मोठा वाय चार आकडी वर्ष, मोठा एच २४ तासांचा तास, आणि मिनिटाला आय, कारण एम आधीच महिन्याकडे गेला. पायथनमध्ये अक्षराआधी टक्क्याचं चिन्ह लागतं आणि तिथे लहान एम महिना, मोठा एम मिनिट. मिनिटाच्या जागी चुकून लहान एम पडला तर जानेवारीभर १०:०१, ११:०१ असंच छापत राहतं, एरर काहीच येत नाही, ही चूक फार उशिरा सापडते. जावास्क्रिप्ट आणि पर्ल महिने ० पासून मोजतात, पर्लमध्ये तर वर्षही १९०० वजा होऊन येतं, २००० साली ते १०० आलं आणि त्याच्यापुढे १९ चिकटवून काही ठिकाणी १९१०० छापलं गेलं ते यामुळेच.

क्रमाचं म्हणाल तर ०३/०४ आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकनांना ४ मार्च. साठवताना आणि फाइलला नाव देताना आयएसओ ८६०१ या तारीख लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवावा. कापसाच्या जिनिंगच्या रोजच्या फाइली दिवसापासून नाव देऊन ठेवल्या तर १ नोव्हेंबरच्या शेजारी १ डिसेंबर येऊन बसतो, वर्ष पुढे ठेवलं की आपोआप ओळीत लागतात.

मराठीत छापायचं असेल तर जावास्क्रिप्टला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिला की अंकसुद्धा देवनागरीत येतात. एएम-पीएमला अक्षर आहे, पण पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र यांना पीएचपी-पायथनच्या साध्या फंक्शनमध्ये अक्षर नाही, तास तपासून शब्द आपणच लावायचा. पावती शेतकऱ्याच्या हातात जाणार असेल तर ते नक्की करावं, तिथे 'पहाटे ३' लिहिलेलं लगेच कळतं.