ज्वाला-फवारणी तापविघटन: दीप्तिमान ऑक्साइड कणांची निर्मिती

धातूच्या संयुगाचा ज्वलनशील विद्राव ऑक्सिजनच्या झोताने फवारून पेटवायचा आणि ज्वालेतच ऑक्साइडाचे अब्जांश कण (नॅनोकण; साधारणतः ५ ते ५० नॅमी., म्हणजे नॅनोमीटर, व्यासाचे) मिळवायचे, अशी ही पद्धत आहे. दीप्तिमान (ऊर्जा शोषून प्रकाश देणाऱ्या) पदार्थांपैकी तिचा सर्वाधिक अभ्यास यूरोपियममिश्रित (थोडे यूरोपियम आयन मिसळलेल्या) इट्रियम ऑक्साइडावर झाला आहे. तीन रंगी प्रतिदीप्ती नळीतील (ट्यूबलाइटमधील) लाल रंग याच संयुगाचा असतो.

पद्धतीचा उगम नेमका कोणाकडे द्यावा याविषयी एकवाक्यता नाही. बाष्परूप क्लोराइडे ज्वालेत जाळून सिलिका (सिलिकॉनचे ऑक्साइड) करण्याचा उद्योग या पद्धतीच्या आधीचा आहे. द्रवाची फवारणी मात्र बहुधा सोकोलोव्स्की व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये पोलंडमध्ये ॲल्युमिनासाठी (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडासाठी) केलेल्या प्रयोगापासून मोजली जाते. तापवलेल्या नळीतून विद्रावाचे थेंब नेण्याची पद्धत काही जण हिचीच पूर्वज मानतात. पण तिथे उष्णता बाहेरून मिळते आणि थेंबाचाच कण होतो, म्हणून तिला वेगळी धरणे अधिक योग्य. १९९०च्या दशकात मिशिगन विद्यापीठात रिचर्ड लेन यांनी आणि नंतर झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात सोतिरिस प्रात्सिनिस यांनी या तंत्राला आजचे रूप दिले.

सिरिंज पंपाने विद्राव नॉझलच्या मधल्या बारीक नळीत येतो. भोवतीच्या फटीतून वेगाने सुटणारा ऑक्सिजन त्याचे थेंब करतो आणि मिथेन-ऑक्सिजनच्या छोट्या ज्वालांचे कडे ते पेटवते. गाभ्यातील तापमान २,०००° से.च्याही वर जाऊ शकते, मात्र कण तिथे काही मिलिसेकंदच असतो. वर निर्वात पंपाला जोडलेल्या काचतंतूंच्या गाळणीवर पांढरा, अतिशय हलका थर साचतो. तो करडा दिसला तर ज्वलन अपुरे झाले असून काजळी राहिली आहे असा संशय घ्यावा. धातूचे संयुग कोणते, यावर बरेच अवलंबून असते. पाण्यातील नायट्रेटाचे थेंब बाहेरून सुकून मोठे, पुष्कळदा पोकळ कण देतात. २-एथिलहेक्झॅनोएटासारखी कार्बनी लवणे बाष्परूपाने जळून बारीक व एकसारखे कण देतात.

सर्वांत जास्त चर्चा स्फटिकरूपाची, म्हणजे कणातील अणूंच्या मांडणीची, झाली आहे. इट्रियम ऑक्साइडाचे नेहमीचे रूप घनीय (क्यूबिक) असून त्यातील यूरोपियमच्या प्रकाशाचा मुख्य पट्टा ६११ नॅमी.जवळ येतो. ज्वालेतून मात्र अनेकदा अधिक घनतेचे एकनत (मोनोक्लिनिक) रूप मिळते. त्याचा पट्टा रुंदावतो आणि ६२४ नॅमी.च्या आसपास वेगळे शिखर दिसते. कॅमेन्झिंड, स्ट्रोबेल व प्रात्सिनिस यांच्या २००५च्या कामानुसार उच्च तापमान व ज्वालेतील अल्प वास्तव्य एकनत रूपाला, तर दीर्घ वास्तव्य घनीय रूपाला अनुकूल असते. म्हणजे उच्च तापमानातील रूप झटपट थंड झाल्याने गोठून राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केनेडी यांच्या गटाला एकाच ज्वालेत मोठे कण घनीय व लहान कण एकनत आढळले. त्यांनी कारण पृष्ठवक्रतेमुळे कणात निर्माण होणाऱ्या दाबात शोधले. पृष्ठताण १ ते २ न्यूटन प्रतिमीटर धरल्यास १० नॅमी. व्यासाच्या कणात हा दाब ०.४ ते ०.८ गिगापास्कल भरतो. साध्या तापमानाला रूपांतरासाठी लागणाऱ्या दाबापुढे तो फारच तोकडा आहे. तापलेल्या कणात मात्र लागणारा दाब उतरतो. त्यामुळे आकार रूप ठरवतो आणि वेगाने होणारे थंडावणे ते टिकवते, असे दोन्ही मते जोडून म्हणणे सयुक्तिक दिसते. भट्टीत पुन्हा तापवल्यास एकनत कण घनीय होतात, पण त्याबरोबर वाढतात आणि एकमेकांना चिकटतातही.

तेजस्वितेत हे कण भट्टीत भाजलेल्या सूक्ष्ममीटर आकाराच्या भुकटीला सहसा गाठत नाहीत. पृष्ठावरील हायड्रॉक्सिल गट उत्तेजित यूरोपियमची ऊर्जा कंपनांत ओढून घेतात, आणि कण जितका लहान तितके पृष्ठाजवळचे आयन जास्त. ज्वालेतच सिलिकाचे पातळ कवच चढवण्याचे प्रयोग झाले आहेत.

यूरोपियमऐवजी टर्बियम मिसळल्यास हिरवा (सुमारे ५४३ नॅमी.) रंग मिळतो. टर्बियम व यूरोपियम एकत्र मिसळून रंगछटा बदलता येते, हे ईटीएचच्या गटाने २०११ मध्ये दाखवले. अवरक्त प्रकाश शोषून दृश्य प्रकाश देणारे, अर्बियम, होल्मियम व थुलियम मिसळलेले कण २००७ मध्ये प्रिन्स्टनमध्ये ज्वालेने केले गेले.