तिबेटन मॅस्टिफचा स्वभाव आला कुठून

तिबेटन मॅस्टिफची चौकशी करणारे बहुतेक जण आधी किंमत विचारतात, मग वजन, स्वभावाचं कुणी विचारतच नाही, आणि या कुत्र्याची खरी मजा तर स्वभावातच आहे. म्हणून जरा मागचं सांगतो.

तिबेटच्या पठारावर, चार हजार मीटरच्या आसपास, याक आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या लोकांकडे हा कुत्रा पिढ्यानपिढ्या आहे. दिवसा त्याला तंबूपाशी बांधून ठेवायचं, गळ्यात याकच्या केसांचा लाल रंगवलेला जाडजूड पट्टा, आणि अंधार पडला की सोडायचं. मग रात्रभर लांडगा, हिमबिबट्या, चोर, जे काय येईल ते त्यानेच बघायचं. धनी झोपलेला, हुकूम द्यायला कुणी नाही, त्यामुळे निर्णयही त्याचाच. आज शहरात पाळला तरी तो दिवसा लोळतो, रात्री जागतो, छातीतून येणाऱ्या घुमत्या आवाजात भुंकतो आणि "बस" म्हटलं की आधी तुमच्याकडे शांतपणे बघतो, पटलं तर बसतो. लोक याला हट्टी म्हणतात, मला तर हा कामाला लागलेला राखणदारच वाटतो. परक्याला तो जवळ येऊ देत नाही पण घरच्या लहान पोरांशी इतका सांभाळून वागतो की बघत राहावं.

अजून एक, विरळ हवेत तग धरायला मदत करणारा ईपीएएस-१ या जनुकाचा खास प्रकार त्याला तिथल्याच लांडग्यांशी झालेल्या संकरातून मिळाला असं संशोधनात दिसलंय, म्हणजे ज्याच्यापासून राखण करायची त्याचंच थोडं रक्त अंगात!

बाहेरच्या जगात तो पोचला तो इंग्रजांमुळे. 1847 मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंगने राणी व्हिक्टोरियाला असा एक कुत्रा पाठवला होता, नंतर 1928 मध्ये कर्नल बेली चार कुत्रे इंग्लंडला घेऊन गेले. अमेरिकेत 1970 च्या दशकात पैदास सुरू झाली.

पण खरी वाट लागली ती चीनमधल्या क्रेझमध्ये. 2011 मध्ये एक लाल मॅस्टिफ 1 कोटी युआनला विकला गेल्याची बातमी आली, 2014 मध्ये 1 कोटी 20 लाखांची. आयाळ जितकी मोठी तितका भाव, मग संकर करा, फुगवा, विका. 2013 मध्ये तर हेनान प्रांतातल्या एका प्राणिसंग्रहालयाने मॅस्टिफला सिंहाच्या पिंजऱ्यात ठेवला आणि 'सिंह' भुंकल्यावर लोकांच्या लक्षात आलं. पुढे भाव कोसळले आणि पठारावर हे कुत्रे असेच सोडून दिले गेले, आता तिथे टोळ्या करून फिरतात, माणसांना चावतात. राग येतो हे वाचून, कारण यात कुत्र्याचा काय दोष? ज्याला जपायला एक तंबू आणि आपली माणसं लागतात त्याला तुम्ही मोकाट सोडलंत.

आपल्याकडचे ट्रेकर उत्तराखंडात दिसणाऱ्या केसाळ भोटिया कुत्र्यालाच मॅस्टिफ समजून फोटो टाकतात आणि मग पुण्या-मुंबईत पिल्लू मिळेल का विचारतात. भोटिया त्याच्या नात्यातलाच, पण वेगळा. आणि दुहेरी केसांचा कोट असलेला मॅस्टिफ मुंबईच्या दमट उकाड्यात, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रात्री दोनला लिफ्टच्या आवाजावर भुंकणार, सोसायटीवाले सकाळी दारात उभे, आणि तो बिचारा तर आपलं कामच करत असणार.