खोकला अठरा दिवसांचा, घाई आठवड्याची

“कोरडा की कफाचा?” मेडिकलच्या काउंटरवरचा हा एक प्रश्न म्हणजे आपल्याकडे बहुतेकांच्या खोकल्याची संपूर्ण तपासणी. उत्तर देईपर्यंत बाटली पिशवीत पडलेली असते. चिठ्ठीशिवाय विकता येतील अशा औषधांचा वेगळा वर्ग भारतातल्या औषध कायद्यात नाही. प्रत्यक्षात मात्र खोकल्याच्या बाटल्या वर्षानुवर्षं तशाच विकल्या जातात, आणि आपणही त्या बिस्किटाच्या पुड्याइतक्या सहज घेतो.

सर्दीबद्दल आपल्याकडे म्हणतात, औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर आठवड्यात. सर्दीपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. तिच्या मागून येणारा खोकला मात्र हे वेळापत्रक पाळत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याचा हिशोब मांडला. लोकांना विचारलं, साधा खोकला किती दिवस चालतो? उत्तरं आली सात ते नऊ दिवस. मग आधीच्या अभ्यासांत औषध न घेतलेल्या रुग्णांचा खोकला खरोखर किती दिवस टिकला ते पाहिलं, तर सरासरी निघाली जवळपास १८ दिवस. खोकल्याच्या औषधांचा बाजार उभा आहे तो या दोन आकड्यांमधल्या दहा दिवसांवर. आठव्या दिवशी माणूस धीर सोडतो, दुसरी बाटली आणतो किंवा अँटिबायोटिक मागतो. पंधराव्या दिवशी खोकला आपल्या गतीने ओसरू लागतो आणि श्रेय शेवटच्या बाटलीला मिळतं.

विषाणू गेल्यावरही खोकला का राहतो? श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. ते एका लयीत हलत धूळ आणि चिकट स्राव वर, घशाकडे ढकलत राहतात. विषाणू हे अस्तर जागोजागी सोलून काढतो. तंतू पुन्हा उगवायला वेळ लागतो, आणि तोवर साफसफाईचं काम खोकल्यालाच करावं लागतं. शिवाय अस्तराखालच्या नसांची टोकं उघडी आणि हळवी झालेली असतात. मग गार हवा, फोडणीचा ठसका, उदबत्तीचा धूर, फोनवर जरा जास्त बोलणं, एवढंही उबळ यायला पुरतं. हिरवा-पिवळा बेडका पडला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला, हाही एक पक्का गैरसमज. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरव्या विकराचा असतो. विषाणूंशी लढतानाही त्या पेशी तिथे जमतात, त्यामुळे केवळ रंग पाहून अँटिबायोटिक सुरू करण्यात अर्थ नाही.

आता बाटलीत काय असतं ते पाहू. कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. ते मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला दाबतं. त्याच्या जोडीला अनेकदा क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीवरचं जुनं औषध असतं, ज्याने डोळ्यांवर झापड येते. ‘या सिरपने रात्री छान झोप लागते’ असं जे सांगितलं जातं, त्यात या झापडीचा वाटा मोठा. कफाच्या खोकल्याच्या बाटलीत ग्वायफेनेसिन, ब्रोमहेक्सिन किंवा ॲम्ब्रॉक्सॉल असतं. स्राव पातळ व्हावा आणि कफ सुटावा, ही त्यांच्याकडून अपेक्षा.

यातल्या ब्रोमहेक्सिनचं कुळ आपल्या ओळखीचं आहे. कुंपणाला लावतात तो अडुळसा, ज्याला बकरीही सहसा तोंड लावत नाही, त्याच्या पानांत वासिसिन नावाचं अल्कलॉइड असतं. त्याच्या रचनेत फेरफार करत प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि १९६० च्या दशकात बाजारात आलं. ॲम्ब्रॉक्सॉल त्याच्या पुढचं: ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप होतं, ते हे. म्हणजे आजीचा अडुळशाचा काढा आणि मेडिकलमधली बाटली ही लांबची नातेवाईक मंडळी. पण नातं आहे म्हणून दोघांचा परिणाम सारखा, असं होत नाही. काढ्यात वासिसिन किती उतरलं हे पानं, ऋतू आणि उकळण्याची वेळ यांवर ठरतं, आणि ते कोणी मोजत नाही. गर्भारपणात तर अडुळसा नकोच, कारण वासिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवू शकतं.

गंमत पुढे आहे. आपल्याकडच्या कितीतरी सिरपमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात, आणि त्यांची कामं एकमेकांना मारक असू शकतात. कफ सुटण्यासाठी एक, आणि त्याच बाटलीत स्राव सुकवणारं दुसरं. खोकला दाबला तर पातळ झालेला कफ बाहेर कसा यायचा, हा प्रश्न बाटलीला कोणी विचारत नाही. काही सिरपमध्ये दम्यावरची टर्ब्युटॅलिन किंवा लेव्होसालब्युटामॉलसारखी औषधं असतात. दमा नसलेल्या माणसाला ती हात थरथरणं आणि छातीत धडधड यापलीकडे फारसं काही देत नाहीत. कोडीन असलेली सिरप वेगळ्याच वर्गातली. ते अफूच्या कुळातलं औषध आहे, सवय लावतं, आणि चिठ्ठीशिवाय मागूही नये.

ही औषधं खरंच चालतात का? कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या, नव्या खोकल्यात अशी औषधं उपयोगी पडतात किंवा पडत नाहीत, यापैकी काहीही ठामपणे सांगण्याइतका चांगला पुरावा सापडला नाही. ब्रिटनमध्ये वेल्सच्या कार्डिफ विद्यापीठातले रॉन एक्लिस यांनी आयुष्यभर सर्दी-खोकल्याचा अभ्यास केला. सिरप घेतल्यावर खोकल्यात जी घट दिसते, तिच्यातला सुमारे ८५ टक्के वाटा औषध नसलेल्या नुसत्या सिरपनेही मिळतो, असा त्यांचा निष्कर्ष. पण याचा अर्थ ‘सगळे मनाचे खेळ’ असा काढू नये. गोड, दाट द्रव घशातून उतरताना लाळ सुटते, हुळहुळलेल्या जागेवर लेप बसतो, आणि गोड चवीमुळे मेंदूतली वेदनाशामक रसायनं जागी होत असावीत, असं एक्लिस यांचं म्हणणं होतं. म्हणजे बाटलीतलं औषध कदाचित तो पाकच असेल.

मग पाकच घ्यायचा तर तो मधाचा का नको? हा प्रश्न अमेरिकेतल्या पेन स्टेटच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये तपासला. सर्दी-खोकला झालेल्या १०५ मुलांपैकी काहींना झोपण्यापूर्वी मध दिला, काहींना मधाच्या चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, आणि काहींना काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आईवडिलांना विचारलं, रात्र कशी गेली? मधवाल्या मुलांची रात्र सगळ्यांत बरी गेली होती. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मात्र ‘काहीच नाही’पेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. पुढे इस्रायलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर चाचणी झाली. तिथे तीन प्रकारच्या मधांची तुलना मधासारख्याच दिसणाऱ्या खजुराच्या पाकाशी केली होती. खजुराच्या पाकानेही खोकला कमी झाला, मधाने थोडा जास्त. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनात २०१९ पासून साध्या खोकल्यासाठी मधाचं नाव आहे. मध चमत्कार करत नाही, तो अठरा दिवसांचे आठ करत नाही. पण रात्रीची झोप सुधारणं ही लहान गोष्ट नव्हे.

एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात द्यायचा नाही. मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजू शकतात, आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. मध गरम केल्याने हे बीजाणू मरत नाहीत. जन्मल्या बाळाला मधाचं बोट चाटवणं आणि बाळगुटी मधात उगाळणं या प्रथा प्रेमाच्या आहेत हे मान्य, पण इथे त्या थांबवायलाच हव्यात.

स्वयंपाकघरातल्या इतर उपायांबद्दल मोजके बोलतो. हळदीच्या दुधाने घशाला ऊब मिळते. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं शोषलं जातं, त्यामुळे आतून मोठं काही घडत असेल असं मानायला आधार नाही. लवंग किंवा बेहड्याची साल दाढेखाली धरली की लाळ सुटत राहते आणि ढास थोडी थांबते. हा उपाय मला आवडतो, फक्त लहान मुलांच्या तोंडात असं काही ठेवू नये. ज्येष्ठमध घशाला छान, पण त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. रक्तदाबाच्या रुग्णाने दिवसभर ज्येष्ठमधाच्या काड्या चघळत बसू नये. सितोपलादी चूर्णाचं गणित तर पाठ करण्याजोगं: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. एकूण ३१ पैकी १६ भाग साखर. मधुमेह असलेले कितीतरी लोक ते ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून मधात कालवून दिवसातून तीनदा घेतात! वाफेने बरं वाटतं, खोकल्याचे दिवस त्याने कमी होतात असं दिसलेलं नाही. आणि उकळत्या पाण्याचं पातेलं सांडून मुलं भाजतात, म्हणून लहानांना वाफ नकोच. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात, त्यामुळे कापराच्या वड्या आणि बाम त्यांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत.

मुलांच्या बाबतीत बाटलीचं पारडं आणखी वर जातं. फायदा सिद्ध नाही, आणि धोका मात्र मोठ्यांपेक्षा जास्त. क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेल्या नाकासाठीचं फिनिलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असं भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं. मोजमापाची गडबड वेगळीच. ‘एक चमचा’ म्हणजे ५ मिलिलिटर, पण घरातला चमचा चहाचा असतो, पोह्यांचा असतो किंवा मसाल्याच्या डब्यातला असतो.

याहून काळी गोष्ट भेसळीची. सिरपचा पाक बनवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागतं. त्यात कारखान्यात वापरायचं स्वस्त डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलं गेलं तर चवीवरून कळत नाही, कारण तेही गोडच असतं, आणि मूत्रपिंडं निकामी होतात. १९३७ मध्ये अमेरिकेत याच विषाने शंभरावर माणसं मेली आणि तिथला औषध कायदा बदलला. मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात अशाच दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने सगळी साखळी उघड केली. तरी २०२२ मध्ये भारतात बनलेल्या सिरपनी गाम्बियातली मुलं दगावली. मग २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची पाळी आली. तिथली अनेक आजारी मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली गेली होती. मुलांना दिलेलं कोल्ड्रिफ नावाचं सिरप तपासलं, तर त्यात हे विष ४८.६ टक्के निघालं. मान्य मर्यादा ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं गेली. बहुतेकांचं मूळ दुखणं काय होतं, तर सर्दी, ताप, खोकला. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत.

अठरा दिवस वाट पाहायची ती साध्या खोकल्याची. रक्त पडत असेल, धाप लागत असेल, मुलाच्या बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जात असेल, तर एक दिवसही थांबू नये. खेळता खेळता, तापाशिवाय, एकदम सुरू झालेला खोकला दिसला तर आधी आठवावं की मूल काय खात होतं. आपल्याकडे श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा हे त्याचं नेहमीचं कारण. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर, आणि सोबत संध्याकाळचा ताप किंवा वजनातली घट असेल तर नक्कीच, क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. ती जमेल तेव्हाची नाही, अठरावा दिवस उजाडण्याआधीची गोष्ट आहे. आणि महिनोन्‌महिने कोरडी ढास लागत असेल तर रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट काढून वाचावं. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल, जसं रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल, तर ते डॉक्टरांना दाखवावं. या गोळ्यांनी काहींना अशी ढास लागते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टर दुसरी देतात, आणि मग खोकला बहुधा काही आठवड्यांत, कुठल्याही बाटलीशिवाय थांबतो.